एक जादा खाच

दुआर्त जन्मल्यावर तिसऱ्या दिवशी माझ्या सासूबाई, देओलिंदा, मासे साफ करायची सुरी घेऊन आमच्या घरी आल्या. सुरी उकळत्या पाण्यातून काढून फडक्यात गुंडाळलेली होती. बाळाकडे त्यांनी एकदाच मान वळवून पाहिलं, "नाक माझं आहे, बरं झालं," एवढं म्हणाल्या आणि पाळण्याच्या डोक्याकडे गुडघे टेकून बसल्या. फळीवर त्यांनी घराण्याची खूण कोरली. एक उभी रेघ, तिला छेदणारी आडवी रेघ, वर शिडासारखा त्रिकोण. खूण पुरी झाल्यावर तिच्या पायथ्याशी एक खाच मारली. थोडं थांबल्या. मग तिच्या शेजारी दुसरी खाच मारली.

"आई, एक जास्त झाली," माझा नवरा सेराफिम म्हणाला.

"मला दोनपर्यंत मोजता येतं," त्या म्हणाल्या, आणि सुरी पुन्हा फडक्यात गुंडाळली.

आमच्या पोर्तुगालच्या किनाऱ्यावर, पोव्होआ द वार्झिमच्या कोळ्यांमध्ये खुणेचा नियम लहान पोरालाही पाठ असतो. होडीवर, वल्ह्यावर, जाळ्याच्या बुचांवर, थडग्यावरसुद्धा घराण्याची खूण असते. बापाची खूण जशीच्या तशी मिळते ती धाकट्या मुलाला, कारण म्हातारपणी आईबापांजवळ तोच राहतो. थोरल्यानं तिच्यात एक खाच वाढवायची, त्याच्या पाठच्यानं दोन. मुलगा एकुलता असेल तर बापाची खूण तशीच्या तशी त्याची. सेराफिम थोरला, म्हणून त्याच्या खुणेला एक खाच. दुआर्त आमचा एकुलता, म्हणून त्यालाही एकच हवी होती.

पण सासूबाईंचा हिशोब वेगळा होता, आणि तो काय होता हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

आमच्या किनाऱ्यावर एक आजार आहे. डॉक्टरांच्या भाषेत त्याला लांबलचक नाव आहे, लोक त्याला पावलांचं दुखणं म्हणतात. यकृतात तयार होणारं एक प्रथिन जन्मापासून बिघडलेलं असतं आणि ते वर्षानुवर्षं नसांवर साचत जातं. माणूस तिशी-पस्तिशीपर्यंत धडधाकट असतो. मग पावलांना गरम-थंड कळेनासं होतं. मग पोट बिघडतं, वजन उतरतं, चाल जाते. जगात हा आजार फार थोड्या घरांत आहे, त्यातली बरीच आमच्या आसपास आहेत. सासूबाईंचे सासरे त्यातच गेले. ते घरातले धाकटे होते. माझे सासरे बेल्मिरो एक्केचाळिसाव्या वर्षी गेले. तेही धाकटे. आणि सासूबाईंच्या दोन मुलांपैकी धाकट्याला, माझा दीर अबिलिओ याला, एकोणतिसाव्या वर्षी पावलं बधिर व्हायला लागली.

तीन पिढ्या, तीन धाकटे, तिघांची बिनखाचेची खूण. सासूबाईंची जुनी समजूत पक्की झाली: दुखणं खुणेवरून उतरतं. खूण कोरी असेल तर ते माणसाला ओळखतं. खाच असेल तर पुढे जातं.

मी ब्रागाकडची, मक्याच्या शेतांमधली. विद्यापीठात जीवशास्त्र शिकले आणि इथल्या शाळेत विज्ञान शिकवते. नववीच्या वर्गात दरवर्षी फळ्यावर हिरवे आणि पिवळे वाटाणे काढते, आईबापांकडून गुण कसे उतरतात ते समजावते. तीच मी, बाळंतिणीच्या खाटेवरून ती दुसरी खाच पाहत होते, आणि मला बरं वाटलं. हे मी कुणाला सांगितलं नाही. पण पुढची नऊ वर्षं, दुआर्तला ताप आला, पाय मुरगळला, तो जेवला नाही, की पाळण्यावरच्या त्या दोन खाचा माझ्या डोळ्यांपुढे यायच्या आणि मी म्हणायची, नाही, याला काही होणार नाही. शिकलेल्या माणसाला मूर्खपणा करायला वेगळी जागा लागत नाही.

देओलिंदाबाईंबद्दल सांगायचं तर त्यांच्या आवाजापासून सुरुवात करावी लागते. मासळीच्या लिलावाच्या कट्ट्यावर त्या बोलू लागल्या की समुद्रपक्षी उडतात, असं लोक म्हणत. छत्तिसाव्या वर्षी विधवा झाल्या, तेव्हापासून काळे कपडे, कानात सोन्याचे जड डूल, कमरेला दोन घागरे. नऊ वर्षं आजारी नवऱ्याला पाठीवर घेऊन जिना चढल्या-उतरल्या, हे त्या कधीच सांगत नाहीत. मला ते शेजारणींनी सांगितलं. माझ्याशी त्यांचं भांडण नव्हतं आणि मैत्रीही नव्हती. त्या मला मास्तरीणबाई म्हणत.

"मास्तरीणबाई, मासा डोळ्यावरून ओळखायचा असतो, चष्म्यावरून नाही," असं भर बाजारात.

अबिलिओचं यकृत बदललं तेव्हा तो तीस वर्षांचा होता. तेव्हा गोळ्या नव्हत्या. दुसऱ्याचं यकृत हाच उपाय होता, आणि तो त्याला वेळेवर मिळाला. आज तो लाकडी होड्यांच्या छोट्या प्रतिकृती करून विकतो. थोडा लंगडतो, आणि बोलायचं थांबत नाही.

"वहिनी, वारसा म्हणतात तो हा," तो मला म्हणायचा. "मला खूण मिळाली, होडी मिळाली, पाय मिळाले. दादाला काय मिळालं? नुसती खाच. बिचारा."

आणि नव्या यकृताबद्दल: "हे कुणा शेतकऱ्याचं असणार बघा. मासा बघितला की रुसतं, डुकराचं मटण बघितलं की नाचतं. तुमच्या माहेरचं तर नाही ना?"

सेराफिम हसायचा. पण तपासणीचं नाव काढलं की त्याचा चेहरा बंद व्हायचा. एक रक्ताची तपासणी असते, त्यात हा दोष आहे की नाही ते ठरतं. त्याच्यात दोष नसेल तर तो दुआर्तमध्ये येऊच शकत नाही. असेल तर दुआर्तलाही असण्याची शक्यता निम्मी, आणि लहान मुलांची तपासणी करत नाहीत, म्हणजे आणखी नऊ वर्षं थांबायचं. माझ्या मुलाचं काय होणार ते माझ्या नवऱ्याच्या दंडातल्या चमचाभर रक्तात होतं, आणि तो बाही वर करायला तयार नव्हता.

"कशाला? माझ्या खुणेला खाच आहे," तो म्हणायचा.

"सेराफिम, मी मुलांना वाटाणे शिकवते."

"मग शिकव की. मी काय वाटाणा आहे?"

आणि मी तिथेच सोडून द्यायची. कारण उत्तर वाईट आलं तर काय, हे मलाही माहीत नव्हतं.

मग गेल्या वर्षीचा सेंट पीटरचा सण आला. जूनच्या शेवटी आमच्याकडे प्रत्येक मोहल्ला रस्त्यावर येतो. दारोदार शेगड्या, सार्डिनचा धूर, वाइनचे माठ, ढोल. सेराफिम आमच्या दारातली शेगडी सांभाळत होता, पायात नुसत्या सपाता. मी पावाची टोपली घेऊन बाहेर आले तेवढ्यात एक निखारा जाळीतून निसटला आणि त्याच्या उघड्या पावलावर पडला. लाल होता. सेराफिमनं तो पाहिला. आणि पाय हलवला नाही.

मी मनात मोजलं. एक, दोन, तीन. मग त्यानं सावकाश पाय झटकला.

टोपली माझ्या हातातून पडली की मी खाली ठेवली, ते आठवत नाही. शेगडीच्या पलीकडे सासूबाई बसल्या होत्या. त्याही त्याच्या पावलाकडे बघत होत्या.

"काय झालं?" मी विचारलं.

"कुठे काय? कोळ्याचं कातडं आहे," सेराफिम म्हणाला. "मासे करपतायत, सरक."

घरात गेल्यावर मी त्याला पाय दाखवायला सांगितलं. त्यानं तोवर मोजे चढवले होते, ते काढले नाहीत. त्या उन्हाळ्यात पहिल्यांदाच आम्ही खरं भांडलो. मी म्हणाले, तुला तुझ्या पायाची पर्वा नसेल, मला माझ्या मुलाच्या पायाची आहे. तो म्हणाला, तुला माझी शिकार करायची आहे, डॉक्टरांना घेऊन. मी म्हणाले, खाच लाकडावर असते, रक्तात नसते. तो म्हणाला, हे आईला सांग. आणि तीन दिवसांसाठी समुद्रावर निघून गेला.

तिसऱ्या दिवशी, तो परत यायच्या आधी, सासूबाई आल्या. हातात काही नव्हतं, आणि त्या कधी रिकाम्या हाताने येत नाहीत. स्वयंपाकघरात बसल्या. मी कॉफी ठेवली.

"तू बघितलंस," त्या म्हणाल्या.

"हो."

"मीही." त्यांनी कप जवळ ओढला. "लुदोविना तुला माहीत नाही."

बेल्मिरोची थोरली बहीण लुदोविना कशीनाशला दिलेली होती, म्हणजे शेजारच्याच कोळीवाड्यात. ती पोटाच्या आजारानं गेली एवढंच मी ऐकलं होतं.

"पोटाच्या आजारानं," सासूबाई म्हणाल्या. "सगळ्यांना तेच सांगितलं. हिवाळा होता. ती गेल्यावर तिला आंघोळ घालायला मला बोलावलं, कारण घरात मला सवय होती, बेल्मिरो अंथरुणाला खिळलेला होता. मी तिचे पाय बघितले. तळवे जळलेले होते, जुने डाग, नवे डाग. टेबलाखालच्या शेगडीवर पाय ठेवून बसायची आणि तिला कळायचं नाही. घरी बेल्मिरोच्या पायांना मी रोज मलम लावत होते. मला कुणी सांगायची गरज नव्हती."

"मग?"

"मग तिची आई, माझी सासू, दोन जोड मोजे घेऊन आली. म्हणाली, दोन्ही घाल, एकावर एक. लुदोविनाच्या तीन पोरींची लग्नं व्हायची होती. कुणी पाय बघितले असते तर तिघी घरात बसल्या असत्या. मी घातले. दोन्ही जोड." त्यांनी कप उचलला, पुन्हा ठेवला. "बाईला खूण नसते, ओदेत. खूण पुरुषांची. लुदोविनाला कोरी खूण कुठली आणि खाच कुठली? तिला तरी झालंच ना."

सासूबाईंनी मला माझ्या नावानं हाक मारली, ती त्या दिवशी पहिल्यांदा.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं," मी म्हणाले. "तेव्हापासून."

"माहीत असणं आणि मानणं वेगळं. पोरं लहान होती. एक धाकटा होता, एक थोरला. मी म्हटलं, एक तरी वाचू दे. मग तेच म्हणत राहिले." त्या उठल्या. "तो आला की माझ्याकडे पाठव. नको. मीच थांबते."

सेराफिम दुपारी आला. खाऱ्या पाण्यानं ताठ झालेला, दाढी वाढलेली. सासूबाईंनी त्याला जेवूसुद्धा दिलं नाही.

"पोर्तोच्या हॉस्पिटलात जायचं आहे," त्या म्हणाल्या. "रक्त द्यायला."

"आई, आताच आलोय. आणि माझ्या खुणेला..."

"खुणेचं मी तुला सांगितलं होतं ना? आता मीच सांगते, ते खोटं आहे. लहानपणी तुला सांगायची, पावाचा तुकडा खाली पडला की उचलून मुका घ्यावा. ते खरं आहे. हे खोटं आहे."

"तू शपथ घेऊन सांगायचीस."

"मग आता शपथ मोडते. मला नरकात जावं लागलं तर मी बघून घेईन. तू कपडे बदल."

सेराफिमनं माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. चव्वेचाळीस वर्षांचा, बोटीवर आठ माणसांना हुकूम देणारा माणूस, आईनं कपडे बदल म्हटल्यावर आत गेला आणि कपडे बदलून आला. त्या दिवशी हॉस्पिटलातली तपासणीची वेळ संपलेली होती, हे मला माहीत होतं. मी बोलले नाही. त्याची तयारी मोडायला नको, म्हणून मी त्याच वेळी फोन करून पुढच्या आठवड्याची वेळ घेतली.

पोर्तोला एका भेटीत काही होत नाही. आधी बोलणं, मग रक्त, मग पुन्हा बोलणं, मग वाट बघणं. पहिल्या भेटीत ज्या डॉक्टर होत्या त्या तरुण होत्या, केस मागे बांधलेले, बोलायला शांत. त्यांनी सेराफिमला आणि मला आत घेतलं. सासूबाई मागोमाग आल्या.

"आजी, तुम्ही बाहेर बसलात तरी चालेल," डॉक्टर म्हणाल्या.

"मी बाहेर बसले तर हे दोघं तुम्हाला चुकीचं सांगतील."

डॉक्टरांनी मोठा कागद घेतला आणि घराण्याचं झाड काढायला लागल्या. पुरुष चौकोन, बायका गोल, आजारी असेल तर आतून काळा. सासऱ्यांचे वडील, काळा चौकोन. बेल्मिरो, काळा चौकोन. त्याची बहीण लुदोविना, गोल, आणि डॉक्टरांनी विचारलं, "या कशानं गेल्या?"

"पोटानं," सेराफिम सवयीनं म्हणाला.

"तो गोल काळा करा," सासूबाई म्हणाल्या.

सेराफिमनं वळून पाहिलं. डॉक्टरांनी पेन थांबवलं. "नक्की?"

"मी तिला आंघोळ घातली आहे. करा काळा. पूर्ण. कोपरा ठेवू नका."

गोलाला कोपरा नसतो, असं मला वाटून गेलं, आणि त्याच वेळी रडूही आलं. मग सासूबाईंनी विचारलं, "मला एक सांगा. हे कोणाला जायचं, ते कोण ठरवतं? धाकटा, थोरला, पोरगी?"

"कुणीच नाही," डॉक्टर म्हणाल्या. "ज्याच्यात हा दोष आहे, त्याच्या प्रत्येक मुलासाठी एकदा नाणं उडवलं जातं. छापा आला तर जातं, काटा आला तर नाही. आणि नाण्याला मागच्या खेपेचं काही आठवत नाही. पहिल्या मुलाला काटा आला म्हणून दुसऱ्याला छापा येईल असं नाही."

"म्हणजे माझ्या दोघांसाठी दोनदा नाणं उडालं."

"हो."

"आणि मी तेव्हा लाकडावर खाचा मारत होते," सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांना अचानक हसू आलं. मोठ्यानं, लिलावाच्या आवाजात. बाहेरच्या बाकावरची माणसं आत डोकावली. डॉक्टरही हसल्या. मला वाटतं त्या खोलीत त्यांच्यासाठी तो चांगला दिवस होता.

परतताना गाडीत सासूबाई मागे झोपल्या. सेराफिम पुढे माझ्या शेजारी. व्हिला दो कोंदे गाव ओलांडल्यावर तो म्हणाला, "जळलं होतं."

"काय?"

"सणाच्या दिवशी. निखारा. खूप जळलं. फोड आला होता."

"मग पाय का नाही काढलास?"

"बघत होतो." त्यानं खिडकीची काच खाली केली, पुन्हा वर केली. "दरवर्षी बघतो. निखारा नसेल तर काडेपेटीची काडी. बोटीवर गरम पाणी. जाणवतं का ते. या वर्षी मुद्दाम जास्त वेळ ठेवला. मनात आलं, जाणवतंय की नुसतं वाटतंय."

मी गाडी बाजूला घेतली. बारा-तेरा वर्षं हा माणूस माझ्या शेजारी होता, खाचेच्या गोष्टी सांगून हसत होता, आणि दर उन्हाळ्यात गुपचूप स्वतःचे पाय जाळून बघत होता. मला त्याचा राग आला आणि माझाही आला. मी पाळण्याकडे बघत बसले, तो निखाऱ्याकडे. दोघांपैकी एकानं जरी तोंड उघडलं असतं तर.

"जाणवतंय म्हणजे चांगलं आहे ना?" तो म्हणाला.

"चांगलं आहे," मी म्हणाले. पण डॉक्टरांनी सांगितलं होतं की काहींना पन्नाशीत सुरू होतं, काहींना साठीत. चांगलं असणं म्हणजे नसणं नव्हे.

जुलै गेला, ऑगस्ट गेला. सप्टेंबरमध्ये सेराफिमनं रक्त दिलं. नंतरच्या पाच आठवड्यांत मी दुआर्तला इतक्या वेळा विचारलं, "पाय दुखतायत का?" की शेवटी तो म्हणाला, "आई, तू विचारलंस की दुखतात." अबिलिओ रोज संध्याकाळी यायचा. काही विचारायचा नाही. होडीच्या प्रतिकृतीला शीड लावत बसायचा आणि दुआर्तला गाठी शिकवायचा. एकदा फक्त म्हणाला, "वहिनी, असलं तरी आता गोळ्या आहेत बरं का. रोज एक. माझ्यासारखं पोट फाडायला नको. तुम्ही वाईटातलं वाईट माझ्यावरून मोजू नका." मी मान हलवली. मला ते माहीत होतं. पण त्यानं सांगितल्यावर त्या दिवशी मला जेवण गेलं.

ऑक्टोबरमध्ये बोलावलं. उत्तर फोनवर देत नाहीत, समोर बसवून देतात. सासूबाई अर्थात बरोबर. तीच खोली, त्याच डॉक्टर. त्यांनी काही प्रस्तावना केली नाही.

"सेराफिम, तुमच्यात तो दोष नाही."

सासूबाई खुर्ची ओढून पुढे सरकल्या.

"नाही म्हणजे?" सासूबाई म्हणाल्या.

"नाही म्हणजे नाही. तुम्हाला हा आजार होणार नाही. मुलालाही तुमच्याकडून येऊ शकत नाही."

"आणि त्याच्या मुलांना?" मी विचारलं.

"नाही."

"नमुना बदलला गेला असेल तर? म्हणजे दुसऱ्याचं रक्त..."

"आम्ही दोनदा तपासतो."

"दोन्ही वेळा हेच आलं?"

"दोन्ही वेळा."

"बाई, तिला एकदा लिहून द्या," सासूबाई म्हणाल्या, "नाहीतर ती इथेच राहायला येईल."

डॉक्टरांनी कागद माझ्याकडे सरकवला. मी तो वाचला, पुन्हा वाचला, तिसऱ्यांदा मला अक्षरं दिसली नाहीत.   सेराफिम उठला आणि स्वच्छतागृह कुठे आहे असं विचारून गेला. वीस मिनिटांनी आला. तोंड धुतलेलं होतं, कॉलर ओली होती.

बाहेर आल्यावर त्यानं अबिलिओला फोन लावला. हातातून पडेल म्हणून मी फोन धरला होता, त्यामुळे मला दोन्हीकडचं ऐकू आलं.

"नाही आहे," सेराफिम म्हणाला.

"देवा." अबिलिओनं हातातलं काहीतरी खाली ठेवल्याचा आवाज आला. "बरं झालं रे दादा. दोघांना असतं तर आईनं शिव्या कुणाकुणाला वाटल्या असत्या?"

"अबिलिओ, मला लाज वाटते रे."

"कसली?"

"मला नाही, याची."

"मूर्ख आहेस. लाज वाटून घ्यायचीच असेल तर तुझ्या गाण्याची वाटून घे. येताना मक्याचा पाव आण. दुआर्तला भूक लागलीय आणि घरात तुझ्या बायकोची पुस्तकं सोडून काही नाही."

सेराफिमनं फोन परत दिला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. सासूबाई त्याच्या पाठीवर एक थाप मारून म्हणाल्या, "चल. मला कशीनाशला सोडा."

"आत्ता? कशाला?"

"झुल्मिराकडे."

झुल्मिरा म्हणजे लुदोविनाची थोरली मुलगी. आता अठ्ठेचाळीसची, कोळ्यांच्या लोकरी अंगरख्यांवर भरतकाम करते, दुकान घरातच. आम्ही गेलो तेव्हा ती एका बाहीवर लाल खेकडा भरत होती. सासूबाईंना बघून उठली.

"मामी! बसा. काय झालं? कोण गेलं?"

"कुणी गेलं नाही. बस खाली. तुझ्या आईबद्दल सांगायचं आहे." सासूबाई बसल्या नाहीत.   "ती पोटानं गेली नाही. तिला पावलांचं दुखणं होतं. मी बघितलं होतं आणि मी झाकलं. तुम्हा तिघींना मी सांगायला हवं होतं. सांगितलं नाही."

झुल्मिरानं सुई कापडात टोचून ठेवली. "मामी, मला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"आई शेगडीवर पाय ठेवून झोपायची. वास आला की मीच उतरवायची. सतरा वर्षांची होते, आंधळी नव्हते. सात वर्षांपूर्वी लिस्बनला जाऊन तपासून आले. मला नाही."

"लिस्बनला?"

"पोर्तोला गेले असते तर बाकावर निम्मं पोव्होआ भेटलं असतं. धाकटीला मीच घेऊन गेले. तिला आहे. पण लवकर कळलं. चार वर्षं गोळ्या घेते, परवा चुलतभावाच्या लग्नात नाचून घोटा मोडून घेतला."

सासूबाई आता बसल्या. रंग पालटत गेला, पांढरा, मग तांबडा. "सात वर्षं! सात वर्षं तुला माहीत आहे, आणि मला एका शब्दानं सांगितलं नाहीस?"

"तुम्ही एकतीस वर्षं गप्प होतात!"

"मी तुमच्या लग्नांसाठी गप्प होते, कार्टे!"

"आणि मी तुमच्या झोपेसाठी! तुम्हाला वाटत होतं तुम्ही लपवलंय. मी म्हटलं, लपवू दे बिचारीला."

"बिचारी? मला बिचारी म्हणतेस?"

सेराफिम दाराशी उभा होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि मला कळेना की मध्ये पडावं की पळावं. पण झुल्मिरा तोवर उठून सासूबाईंच्या गळ्यात पडली होती, आणि सासूबाई तिच्या पाठीवर बुक्क्या मारत होत्या आणि रडत होत्या आणि म्हणत होत्या, "सात वर्षं, निर्लज्जे, सात वर्षं." तो आवाज बाहेर चौकापर्यंत गेला असणार. शेजारची खिडकी उघडली आणि कुणीतरी विचारलं, "कोण मेलं?" झुल्मिरा ओरडून म्हणाली, "कुणी नाही! जा आत!"

कॉफी झाली. सासूबाईंनी केकचे दोन मोठे तुकडे खाल्ले. सकाळपासून त्यांनी पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. मग रुमालानं तोंड पुसून त्यांनी विचारलं, "आणि मधली?"

झुल्मिरानं सुई पुन्हा उचलली. "मधली जात नाही."

"का?"

"घाबरते. तिला काही होतंय असं नाही, पण पंचेचाळीस झाली, दोन पोरं आहेत. कितीदा सांगितलं. म्हणते, माझ्या नवऱ्याच्या खुणेला तीन खाचा आहेत, पोरांना काही होणार नाही."

"नवऱ्याच्या खुणेचा काय संबंध? दुखणं तर आमच्याकडून आलं!" सासूबाई उसळल्या. "हे खाचांचं खूळ तिच्या डोक्यात घातलं कुणी?"

झुल्मिरानं केकच्या ताटलीकडे पाहिलं. "तुम्हीच, मामी. तिच्या लग्नात. टेबलावर चढून सांगितलं होतं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या."

 सासूबाईंनी डूल नीट केले, घागरा झटकला आणि उठल्या.

"कुठे राहते ती आता?"

"आर्जिव्हायला. चर्चच्या मागे. पण मामी, आज नको, तुम्ही थकलात..."

"सेराफिम, गाडी काढ."

मी झुल्मिराचा निरोप घेईपर्यंत त्या गाडीत जाऊन बसल्याही होत्या, पुढच्या सीटवर, माझ्या जागेवर. आर्जिव्हायला पोचलो तेव्हा उन्हं उतरली होती. मधलीच्या दाराला घंटा आहे, पण सासूबाईंनी तळहातानं दार वाजवलं, मासळीच्या टोपल्यांवर वाजवतात तसं.

"उघड गं!" त्या म्हणाल्या. "मी मामी. तुझ्या लग्नात तुला चुकीचं सांगितलं होतं, ते परत घ्यायला आले आहे."